कंपनीची डेटा प्रायव्हसी कोणत्या पातळीवर आहे? गोव्यात हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

एखाद्या कंपनीत लोकांची खाजगी माहिती नीट सांभाळली जाते का, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी आधी पॉलिसी पुढे केली जाते. वकिलाकडून तयार करून घेतलेली, वेबसाइटच्या तळाशी लावलेली. ती वाचून कंपनीनं काय ठरवलंय ते कळतं. मंगळवारी दुपारी रिसेप्शनवर किंवा एचआरच्या टेबलावर काय घडतं, ते कळत नाही. मॅच्युरिटी असेसमेंट म्हणजे या दोन गोष्टींमधलं अंतर शोधून त्याला पातळी देणं.

हे काम कुणाकडे येईल ते सांगता येत नाही. पाटोवरच्या ऑफिसातला कंप्लायन्स बघणारा, वेर्ण्याच्या औषध कारखान्यातली एचआर मॅनेजर, फोंड्याच्या पतसंस्थेचा सचिव, किंवा कांदोळीच्या हॉटेलात कॉम्प्युटर सांभाळता सांभाळता 'हेही तूच बघ' असं सांगितलं गेलेला मुलगा. त्यांच्यासाठी ही पद्धत क्रमानं लिहितो आहे. उदाहरण म्हणून मी बहुतेक ठिकाणी साठेक खोल्यांचं एक काल्पनिक हॉटेल घेतलं आहे, कारण गोव्यात माहितीचे सगळे प्रकार हॉटेलात एका छपराखाली सापडतात: परदेशी पासपोर्ट, आधार, कार्डाचे तपशील, सीसीटीव्ही, कामगारांचे पगार, लहान मुलांची नावं.

आधी कायद्याची चौकट

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टास्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर बऱ्याच मसुद्यांनंतर डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट आला, त्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. आता तपासणी करायची ती त्यासाठी. शेवटच्या महिन्यात केली तर फक्त कागद तयार होतील.

दंडाचे आकडे मालकाला सांगावे लागतील म्हणून लक्षात ठेवा. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, माहिती फुटल्याचं न कळवल्यास २०० कोटींपर्यंत, मुलांच्या माहितीबाबतच्या जबाबदाऱ्या मोडल्यास २०० कोटींपर्यंत. या कमाल मर्यादा आहेत. चूक किती गंभीर, किती काळ चालली, ती निस्तरायला कंपनीनं काय केलं, हे बघून रक्कम ठरते. म्हणजे तुमच्या असेसमेंटनंतर केलेल्या कामाला तिथेही किंमत आहे.

कायदा डिजिटल माहितीला लागतो. पण कागदावर घेतलेली माहिती नंतर स्कॅन केली की तीही त्यात येते. त्यामुळे 'आमचं रजिस्टर वहीतलं आहे' हे उत्तर ऐकून थांबू नका. त्या वहीचे फोटो कुठे जातात ते विचारा.

युरोपच्या जीडीपीआर या खाजगी माहितीच्या कायद्याविषयी गोव्यात दोन टोकांचे गैरसमज भेटतात. जर्मन पाहुणा राहायला आला एवढ्यानं तो कायदा हॉटेलला लागत नाही. पण वेबसाइट जर्मन भाषेत आहे, दर युरोत दाखवता, तिथल्या लोकांना उद्देशून जाहिरात करता, तर तो लागू होण्याची शक्यता खरी आहे. अशा कंपनीनं वकिलाचं मत घेतलं आहे का, एवढंच तुम्ही तपासायचं. मत तुम्ही देऊ नका.

पहिली पायरी: पट्टी निवडा

पातळ्यांची कल्पना नवी नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या सनदी लेखापालांच्या संस्थांनी २०११ मध्ये एक प्रायव्हसी मॅच्युरिटी मॉडेल काढलं. त्यात दहा तत्त्वं, ७३ निकष आणि पाच पातळ्या आहेत. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची प्रायव्हसी फ्रेमवर्क जानेवारी २०२० मध्ये आली, तिच्यात चार टप्पे आहेत. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७४२८ हे मानकही याच विषयावरचं आहे. नवख्यानं पाच पातळ्यांची पट्टी घ्यावी, कारण ती साध्या भाषेत सांगता येते:

पातळी १ – जसं सुचेल तसं. काम होतं किंवा होत नाही, सगळं त्या वेळी हजर असलेल्या माणसावर.
पातळी २ – सवयीनं होतं. कुणीतरी जाणतं माणूस ते दरवेळी करतं, पण लिहिलेलं नाही किंवा अर्धवट लिहिलेलं आहे.
पातळी ३ – पद्धत लिहिलेली आहे, संबंधितांना माहीत आहे, आणि तशीच पाळली जाते.
पातळी ४ – पाळली जाते का हे कुणीतरी ठरावीक काळानं मोजतं आणि वरच्यांना कळवतं.
पातळी ५ – त्या मोजमापावरून पद्धत बदलली गेल्याची उदाहरणं आहेत.

पातळी ३ चं वाक्य पुन्हा वाचा. त्यात तीन अटी आहेत आणि शेवटची सगळ्यांत जड आहे. लिहिलेलं आहे पण पाळलं जात नाही, याला पातळी ३ नाही, १ मिळते. न लिहिता वर्षानुवर्षं नीट चाललेल्या कामाला २ मिळते. चकचकीत पॉलिसी असलेल्या कंपनीला साध्या पतसंस्थेपेक्षा कमी गुण पडले की लोक नाराज होतात. होऊ द्या.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो: पाहुण्यांची जुनी माहिती पुसण्याचा विषय. हॉटेलात कुणीच काही पुसत नाही, तर पातळी १. फ्रंट ऑफिसची मॅनेजर दर पावसाळ्यात, पाहुणे कमी असताना, जुने स्कॅन स्वतःच्या शिस्तीनं काढून टाकते. ती नोकरी सोडून गेली की ते थांबेल, तर पातळी २. कुठली माहिती किती काळ ठेवायची याचा तक्ता आहे, कुणी पुसायचं ते ठरलेलं आहे आणि गेल्या वेळी खरोखर पुसल्याची नोंद आहे, तर ३. दर तीन महिन्यांनी किती नोंदी मुदत उलटूनही शिल्लक राहिल्या याचा आकडा जनरल मॅनेजरकडे जातो, तर ४. त्या आकड्यांवरून असं दिसलं की सगळा पसारा रिसेप्शनच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोंचा आहे, म्हणून मोबाइलवर फोटो काढणंच बंद करून स्कॅनर थेट हॉटेलच्या सॉफ्टवेअरला जोडला, तर ५.

असा पाच ओळींचा जिना तुम्ही तपासणार असलेल्या प्रत्येक विषयासाठी सुरुवातीलाच लिहून काढा. मुलाखती घेऊन झाल्यावर लिहायला बसलात तर ओळखीच्या, आवडत्या माणसांना झुकतं माप जातं.

दुसरी पायरी: हद्द ठरवा

कुठली कंपनी, कुठल्या शाखा, कुठला काळ. गोव्यात एकाच कुटुंबाच्या हातात हॉटेल, रेस्टॉरंट, भाड्याच्या गाड्या आणि एखादं मंगल कार्यालय अशा चार वेगळ्या कंपन्या असतात, आणि पाहुण्याचा नंबर चौघांत फिरतो. कागदावर त्या वेगळ्या असतील तर माहिती एकीकडून दुसरीकडे जाणं हा स्वतंत्र तपासाचा विषय आहे. मालकाकडून एक पान सहीनिशी घ्या: काय तपासायचं, कुणाशी बोलता येईल, कुठली यंत्रणा बघता येईल, अहवाल कुणाला मिळेल. हे पान नसेल तर तिसऱ्या दिवशी अकाउंट्सवाले दार लावून घेतात.

वेळेबद्दल माझा आग्रह आहे. हॉटेल, शॅक, वॉटर स्पोर्ट्स, इव्हेंट यांची तपासणी जून ते ऑगस्टमध्ये करा, तेव्हा माणसांना बोलायला सवड असते. पण नमुने डिसेंबरचे काढा. पावसाळ्यात सगळ्यांचीच शिस्त चांगली असते. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात, हंगामापुरते घेतलेले कामगार काउंटरवर असताना आणि रांग दाराबाहेर गेलेली असताना जी पद्धत टिकली, तीच कंपनीची खरी पद्धत.

तिसरी पायरी: एका माणसाच्या माहितीमागे चालत जा

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. बहुतेक नवखे इथे डेटा मॅपिंगचा, म्हणजे कुठली माहिती कुठे आहे याचा, एक्सेल तक्ता सगळ्या विभागांना पाठवतात आणि भरून यायची वाट बघतात. तो परत येतो तेव्हा प्रत्येकानं आपल्याला आठवलं ते लिहिलेलं असतं. त्याऐवजी एक पाहुणा निवडा, गेल्या डिसेंबरात राहून गेलेला, आणि त्याच्या माहितीबरोबर कंपनीभर फिरा.

बुकिंग ऑनलाइन पोर्टलवरून आलं. नाव, ईमेल, नंबर हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरले. ते सॉफ्टवेअर कुणाचं, त्याचा सर्व्हर कुठे? त्याच बुकिंगचा ईमेल रिझर्व्हेशनच्या सामाईक इनबॉक्समध्येही आला. त्याचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे? विमानतळावरून आणायला गाडी पाठवली. ड्रायव्हरला नाव, नंबर, फ्लाइट व्हॉट्सॲपवर गेले, आणि ड्रायव्हर हॉटेलचा नोकर नाही. काउंटरवर पासपोर्ट घेतला. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत इमिग्रेशनकडे ऑनलाइन भरावी लागते, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. तो भरण्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो काढला. कुठल्या फोनवर? तो फॉर्म भरल्यावर फोटोचं काय झालं? देशी पाहुणा असेल तर आधारची झेरॉक्स घेतली. आकडे झाकलेलं मास्क्ड आधार चालतं हे काउंटरवरच्या माणसाला कुणी सांगितलं आहे का? झेरॉक्स बाहेरच्या दुकानात काढली का?

पुढे स्पाच्या फॉर्मवर पाठदुखी, रक्तदाब, गरोदरपण असं लिहून घेतलं. रेस्टॉरंटमध्ये बिलावर खोली नंबर आणि सही. गेटवर सेक्युरिटीच्या वहीत भेटायला आलेल्या मित्राचं नाव. लॉबीच्या कॅमेऱ्यात चेहरा. ते फुटेज किती दिवस राहतं आणि कुणी मागितल्यावर दिलं जातं? पाहुणा गेल्यावर नंबर मार्केटिंगच्या यादीत गेला, आणि चवथीच्या शुभेच्छांबरोबर पावसाळी ऑफर आली. ही ऑफर पाठवायला परवानगी कुठे घेतली होती?

प्रत्येक थांब्यावर लिहा: काय माहिती, कशासाठी, कुठे ठेवली, कुणाला दिसते, बाहेर कुणाकडे जाते, कधी पुसतात. मग हाच फेरा एका कामगारासाठी करा, भरतीच्या बायोडेटापासून पीएफपर्यंत, आणि नाकारलेल्या उमेदवारांचे बायोडेटा कुठे साठलेत तेही बघा. कारखान्यात तपासत असाल तर कामगाराची वैद्यकीय तपासणी आणि बायोमेट्रिक हजेरी हे दोन थांबे कधीही सोडू नका. पतसंस्थेत जामीनदाराच्या माहितीमागे जा; कर्जदाराकडे सगळ्यांचं लक्ष असतं, जामीनदाराकडे कुणाचंच नसतं.

हा नकाशा तुम्हाला आधी तयार मिळाला आणि फिरताना तो खरा निघाला, तर त्या विषयात कंपनी ३ वर आहे. तुम्हीच पहिल्यांदा तयार करत असाल तर १.

चौथी पायरी: विषय वाटून घ्या

मी साधारण आठ विषय धरतो: जबाबदारी कुणाची, माहितीची नोंद, सूचना आणि संमती, लोकांचे हक्क, साठवण आणि पुसणं, बाहेरचे व्हेंडर, सुरक्षा आणि ब्रीच (म्हणजे माहिती फुटणं), प्रशिक्षण. मुलांशी संबंध येणारी कंपनी असेल तर नववा विषय मुलांचा. या कायद्यात अठरा वर्षांखालचे सगळे मूल धरले जातात, पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि त्यांच्यावर नजर ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. म्हापशातल्या कोचिंग क्लासला हा विषय आठांहून महत्त्वाचा आहे.

सूचना आणि संमती यावर थोडं जास्त बोलायला हवं, कारण इथे गोंधळ मोठा आहे. प्रत्येक गोष्टीला संमती लागते असं नाही. पाहुण्यानं बुकिंगसाठी स्वतःहून नंबर दिला, तर बुकिंगसाठी तो वापरता येतो. नोकरीच्या काही कारणांसाठी, वैद्यकीय आणीबाणीत, कायद्यानं माहिती द्यावीच लागते तिथे वेगळ्या तरतुदी आहेत. पक्व कंपनीला प्रत्येक वापराचा आधार सांगता येतो. कच्ची कंपनी एकाच फॉर्मवर 'मी सर्व अटी मान्य करतो' असा चौकोन छापून मोकळी होते. संमती मोकळेपणानं दिलेली, ठरावीक कामापुरती आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आधीच टिक केलेला चौकोन त्यात बसत नाही. आणि संमती देणं जितकं सोपं होतं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं लागतं. ही गोष्ट तपासायला पाच मिनिटं लागतात: स्वतःच्या नंबरवर मार्केटिंगची यादी चालू करून घ्या, मग बंद करायचा प्रयत्न करा.

भाषेचा मुद्दा गोव्यात विशेष जोरानं विचारा. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय कायदा मागतो. मराठी त्या यादीत आहे, आणि १९९२ पासून कोकणीही आहे. इथल्या कारखान्यात देवनागरी वाचणारे, रोमी कोकणी वाचणारे, ओडिशा-झारखंडहून आलेले, सगळे एका शिफ्टला असतात. हजेरीच्या मशीनशेजारी फक्त इंग्रजी कागद चिकटवलेला असेल तर तो कुणाला कळतो, हे त्या शिफ्टमधल्या माणसालाच विचारा.

व्हेंडरबद्दल एकच गोष्ट ठसवून सांगतो. पगार करणारी फर्म, सॉफ्टवेअरवाला, फोटोग्राफर यांच्या हातून माहिती फुटली तरी कायद्यासमोर जबाबदारी कंपनीची राहते, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. म्हणून करार आहे का एवढं बघून पुढे जाऊ नका. काम संपल्यावर व्हेंडरकडची माहिती परत घेतली किंवा पुसायला लावली, असं एक तरी उदाहरण मागा.

पाचवी पायरी: माणसांशी बोला

मॅनेजरपासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. रात्रपाळीचा रिसेप्शनिस्ट, गेटवरचा गार्ड, हाउसकीपिंगची सुपरवायझर, अकाउंट्समधला क्लार्क, बाहेरून येणारा आयटीवाला. माणूस ज्या भाषेत बोलायला मोकळा आहे त्या भाषेत बोला; काउंटरवरच्या पेडण्याच्या पोराला इंग्रजीत प्रश्न विचारलात तर तो तुम्हाला ट्रेनिंगमध्ये पाठ केलेलं उत्तर देईल.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं ठरतं. 'पाहुण्यानं माहिती पुसायला सांगितली तर काय करता?' याला प्रत्येकाकडे सुंदर उत्तर असतं. त्याऐवजी म्हणा: 'मागच्या वेळी कुणी असं सांगितलं होतं? ते दाखवता?' मग तीन शक्यता उरतात. ईमेल आणि त्यापुढची कारवाई समोर येते. किंवा 'आजवर कुणी सांगितलंच नाही' असं कळतं. तेव्हा विचारायचं की सांगायचं झालं तर पाहुण्यानं कुठे सांगावं, आणि तो पत्ता किंवा नंबर स्वतः वापरून बघायचा. किंवा मग शांतता. 'मागच्या वेळी काय झालं ते दाखवा' हे एक वाक्य जवळ असेल तर बाकीची प्रश्नावली विसरलात तरी चालेल.

हे पोलिसी चौकशीसारखं होऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर पासपोर्ट पाठवणाऱ्या मुलाला दुसरा मार्ग दिलेलाच नसतो. स्कॅनर बिघडलेला असतो आणि पाहुणा वैतागलेला. अहवालात त्याचं नाव येणार नाही हे त्याला आधीच सांगा, आणि ते पाळा. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी खरं सांगणार नाही.

सहावी पायरी: पुरावा काढा

बोलण्यातून जे कळलं ते नमुन्यांनी पडताळून बघा. डिसेंबरातल्या काही नोंदी स्वतः निवडा, विभागाला निवडायला सांगू नका. कंपनी सोडून गेलेल्या काही जणांची नावं एचआरकडून घ्या आणि त्यांचे लॉगिन बंद झालेत का ते सिस्टिममध्ये बघा. माझ्या मते सुरक्षेचा खरा अंदाज देणारी याहून सोपी चाचणी नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ते अजून आहेत का, हेही बघा. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचा पासवर्ड बसवणाऱ्यानं दिला तोच आहे का, विचारा.

साठवणीच्या बाबतीत दोन्ही बाजू तपासा. 'सगळं पुसा' हेही चुकीचं आहे. जीएसटीच्या हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. नव्या नियमांत माहिती कुणी केव्हा बघितली-वापरली याच्या नोंदी निदान वर्षभर ठेवायच्या आहेत. तेव्हा बिल राहील, पण बिलाला टाचलेली आधारची झेरॉक्स राहण्याचं कारण नाही. हा फरक ज्या कंपनीच्या तक्त्यात दिसतो, तिथे कुणीतरी खरोखर विचार केलेला आहे.

ब्रीचसाठी कागद बघून भागत नाही, तालीम घ्या. एका बैठकीत प्रसंग सांगा: ३१ डिसेंबरची रात्र, दोन वाजले आहेत, रिझर्व्हेशनच्या ईमेलवरून पाहुण्यांना पैसे मागणारे मेसेज जाऊ लागले आहेत. आता घड्याळ लावा आणि विचारा. पहिला फोन कुणाला? तो उचलला नाही तर? अकाउंट बंद करायचा अधिकार कुणाला? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा सायबर प्रसंग लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो. ते कोण कळवणार, कुठल्या पत्त्यावर? नवे नियम लागू झाल्यावर याच कायद्याखालच्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाला विलंब न लावता पहिली खबर आणि ७२ तासांत तपशील द्यावा लागेल, आणि ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला साध्या भाषेत कळवावं लागेल. ते पत्र आत्ता, या बैठकीत लिहायला सांगा. अर्ध्या तासात पातळी समोर येते.

सातवी पायरी: गुण द्या

शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि मग समोरासमोर बसावं. जिथे एकाचे दोन आणि दुसऱ्याचे तीन आले, तिथे वाद पुराव्यावरून मिटवा. मिटला नाही तर खालचा आकडा घ्या. अडीच, पावणेतीन असे आकडे देऊ नका. त्यात मान राखला जातो, माहिती काही मिळत नाही. प्रत्येक आकड्यापुढे एका ओळीत पुरावा लिहा: काय बघितलं, कुठल्या तारखेचं.

आणि सरासरी काढू नका. मालक विचारेल, 'सगळं मिळून किती?' बाकी सात विषयांत ३ आणि ब्रीचमध्ये १ असलेल्या कंपनीची सरासरी अडीचच्या पुढे दिसते, आणि ती वाचून माणूस निर्धास्त होतो. आठ विषयांचे आठ आकडे शेजारी शेजारी ठेवा, सगळ्यांत खालचा सगळ्यांत वर लिहा.

आठवी पायरी: कुठे पोचायचं ते ठरवा

सगळीकडे ५ हे उद्दिष्ट ठेवू नका. निस्टची फ्रेमवर्कही सगळ्यांनी वरच्याच टप्प्यावर जावं असं म्हणत नाही. धोका आणि साधनं बघून टप्पा ठरवा म्हणते. दहा खोल्यांच्या गेस्ट हाउसला पुसणं, व्हेंडर आणि ब्रीच यांत पातळी ३ मिळाली तर मी समाधानी असेन. हजारो लोकांचे केवायसी कागद ठेवणाऱ्या कॅसिनोला, रुग्णांचे रिपोर्ट ठेवणाऱ्या लॅबला त्याच विषयांत ४ हवी. माहिती फुटली तर त्या माणसाचं काय नुकसान होईल, यावरून उद्दिष्ट ठरवा. कंपनीच्या नुकसानाचा विचार करायला कंपनीत पुष्कळ जण असतात.

१ वरून थेट ४ ची योजना आखू नका. मोजायचं काय, तर पद्धत. आणि पद्धतच नसेल तर पहिले सहा महिने ती बसवण्यात जातात.

अहवालाचं पहिलं पान मालकासाठी. त्यावर आठ आकडे, सगळ्यांत मोठे तीन धोके साध्या मराठीत किंवा कोकणीत सांगता येतील असे, आणि तीन कामं. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. 'आयटी विभाग' हे नाव नव्हे. तिन्हीपैकी निदान एक काम पंधरवड्यात होण्यासारखं निवडा, जसं सोडून गेलेल्यांचे लॉगिन बंद करणं किंवा रिसेप्शनला एक चालणारा स्कॅनर देणं. बाकी तपशील मागच्या पानांवर, ज्यांना काम करायचं आहे त्यांच्यासाठी. ऑक्टोबरात हंगामाची भरती सुरू होण्याआधी पहिली कामं संपलेली असावीत, आणि पुढची तपासणी त्याच जिन्यानं, त्याच प्रश्नांनी करा. पट्टी बदललीत तर गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करता येणार नाही.

आणखी एक काम तुमचं स्वतःचं आहे. पुरावा गोळा करता करता तुमच्या लॅपटॉपवर पासपोर्टचे स्क्रीनशॉट, पगाराचे तक्ते, कॅमेऱ्याचे तुकडे जमा झालेले असतात. शक्यतो ते घेऊच नका. जागेवर बघून 'पाहिलं' अशी नोंद करा, घ्यावंच लागलं तर नाव-नंबर झाकून घ्या. अहवाल स्वीकारला गेला की तो फोल्डर पुसा, रिसायकल बिन आणि ईमेलमधल्या प्रतींसकट, आणि पुसल्याची तारीख अहवालाच्या शेवटच्या पानावर सहीनिशी लिहा.